पोटातलं गळीत

रात्रपाळी. प्रयोगशाळेच्या ट्यूबलाइटखाली
मी रसाचा ब्रिक्स लिहितो : अठरा पूर्णांक दोन.
बावीस हंगाम झाले
गोडी अशी आकड्यांत पकडतोय,
आणि माझ्याच रक्तातल्या आकड्याभोवती
लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी लाल पेनानं गोल काढला
तेव्हापासून चहा कोरा.

म्हणून हा प्रोटीन बार.
रेणापूर नाक्यावर, जिमच्या खाली, मुबीनच्या दुकानातला.
पुढं मोठ्या अक्षरात : साखर शून्य.
पण मी वेष्टन पालथं करून वाचतो,
पुढची बाजू विकणाऱ्याची असते.
मागं मुंगीच्या पायाएवढं :
माल्टिटॉल, सोळा ग्रॅम. शेवटी किंचित झायलिटॉल.

"शुगर अल्कोहोल म्हणतात याला."
व्यंकट बॉयलरकडून आलेला, अर्धा बार हातात.
दारू सोडून त्याला चौदा महिने झालेत.
हात तोंडाशीच थांबला.
"दारू हाय का हो सायब ह्यात?"

नाही रे.
नाव दोन्ही घराण्यांचं लावतं,
आणि दोन्ही घरांत त्याला पाट मांडत नाहीत.
साखरही नाही, दारूही नाही.
गोड मात्र आहे, साखरेच्या निम्म्या उष्मांकात.
निम्म्या. शून्य नव्हे.
रक्तात चढतं तेही, फक्त जिन्यानं, दम खात.
याचं एक भावंड आहे, एरिथ्रिटॉल,
जिभेवर गार लागतं
आणि बहुतेक आलं तसं लघवीवाटे निघून जातं,
कुणाच्या वहीत नोंद न करता.

एवढं कळत असूनही मी दोन खाल्ले.

दोन वाजता पोटात गळीत सुरू झालं.
न पचलेली गोडी आतड्यात पाणी ओढत बसली,
उरल्यासुरल्यावर जंतूंची पंगत,
मग वाफ, मग शिट्टी.
"आपल्याबी कारखान्यात मळी निघायली की,"
व्यंकट म्हणाला, आणि टॉवेल घेऊन
माझ्याआधी पळाला.

परतताना वजनकाट्याजवळ
काळी कुत्री शेपूट हलवत उभी.
उरलेला तुकडा तो टाकणारच होता.
मी मनगट धरलं. "झायलिटॉल.
आपल्याला फक्त पळवतं. हिला मारेल."

डब्यातली ज्वारीची भाकरी दिली तिला.
पुढंमागं काही न लिहिलेली.
तिनं ती हुंगली,
आणि बघत राहिली
व्यंकटच्या खिशाकडे.