रेषेपर्यंत

अर्धा तास आधी चहा नको, म्हणाली एली,
आणि नळी पुढे केली. या रेषेपर्यंत.
आयुष्यात पहिल्यांदाच कुणी मला
इतक्या अदबीनं थुंकायला सांगत होतं.

खिडकीबाहेर डंडीवर समुद्राचं धुकं चढलेलं,
टे नदीवरचा पूल मधेच संपलेला.
तोंड कोरडं. चिंच आठवली.
भरली.

मग कागदावर एक बिनचेहऱ्याचं माणूस, पुढून आणि मागून.
दुखतं तिथे रंगवा.
मान, खांदे, कोपरं, कंबर, गुडघे,
पेन्सिलीचं टोक बोथट झालं.
पांढरे राहिले ते फक्त कान.

खाली खूण करायला सहा शब्द.
माझ्याकडे ठणका होता, सणक होती,
रग, कळ, चमक,
पहाटेची ती कसकस, जिला ताप येत नाही.
एली पेन धरून थांबली होती.
दुखतं, म्हटलं. नुसतं दुखतं.

घरात आधी कुणाला?
सवयीनं आईचं नाव लिहिलं. कण्हायची तीच.
अण्णा कधी बोलले नाहीत.
फक्त दिवे घालवल्यावर स्वयंपाकघरातून
फरशीवर लाटणं टेकल्याचा खट्ट आवाज यायचा.
आम्हाला वाटायचं, उद्याच्या पोळ्या.
सकाळी पोळ्या नसायच्या.

एकदा पाणी प्यायला उठले तर
अंधारात भिंतीला टेकून अण्णा,
धोतर गुडघ्यावर, पोटरीवर लाटणं फिरवताहेत,
डोळे मिटून, कणीक मऊ व्हावी तसे.
मला म्हणाले, झोप. काही नाही.

आईच्या नावाशेजारी लिहिलं: भालचंद्र.

एक जनुक सापडायचं नाही, डॉक्टर म्हणाले.
पुष्कळ असतील, एकेकाचा वाटा चिमूटभर,
आणि सगळे मिळूनही पूर्ण हिशेब देत नाहीत.
बाकी झोप, थंडी, बेकरीतली रात्रपाळी,
काय काय सोसलं ते.
म्हणजे भिशी, मनात म्हटलं.
कोण कुठल्या पणज्यांनी थोडं थोडं टाकलं
आणि नंबर माझा लागला.
हे इंग्रजीत कसं सांगणार?
मान हलवली. तीही दुखली.

घरी येऊन श्रीरंगला फोन लावला, स्लाऊला.
तुला दुखतं का रे कुठे?
छे, म्हणाला. लगेच.
मुलांच्या परीक्षा, गाडीचा विमा, पाऊस.
ठेवता ठेवता म्हणाला,
अण्णांचं लाटणं माझ्याकडे आहे, माहितेय ना?

पोळ्या तो गेली वीस वर्षं
विकतच्या आणतो.