सत्तावीस सेकंद

लुकियान दुत्चाकचं गाव मला पाठ होतं,
एकदाही न जाता.
कीवच्या स्टुडिओत, खिडकी नसलेल्या खोलीत
तीस वर्षं मी ते कापत होते, चिकटवत होते.
स्मेरेचिन: उतारावरची अकरा घरं, लाकडी चर्च,
कुंपणाशी तीन मेंढ्या, त्यांतली मधली लंगडी.
उजवीकडे काय होतं, ठाऊक नाही.
उजवीकडे चौकट संपायची.

त्याचा पहिला सिनेमा लोकांनी उभं राहून पाहिला,
दुसरा सात वर्षं कपाटात पडला.
मग त्याला माहितीपट मिळत गेले,
साखर कारखान्यावर चार, दुधावर दोन
आणि शाळकरी मुलांसाठी एक, दात घासण्याबद्दल.
त्यातही मुलाच्या मागे, आरशात,
धुक्यातून वर येणारा डोंगर.
"हा कशाला इथे?" समितीने विचारलं.
"दात कुठेतरी घासावे लागतातच ना," तो म्हणाला.
डोंगर मी कापला.
कात्री माझ्याच हातात होती, लपवू कशाला.

आणि त्याआधी, त्या दुसऱ्या सिनेमातून, सत्तावीस सेकंद:
त्याची आई. कॅमेरा चालू आहे हे तिला माहीत नाही.
ओल्या हातांनी पदर सारखा करते डोक्यावरच्या रुमालाचा,
सरळ माझ्याकडे बघते, काहीतरी बोलते.
आवाज नाही. वारा फार होता, माईक बंद होता.
जाळून टाका, असा हुकूम होता.
मी तुकडा बिस्किटांच्या डब्यात ठेवला
आणि ओठ वाचत राहिले.
कधी वाटायचं, 'जेवलास का?'
कधी, 'परत ये.'
माझा नवरा गेला त्या हिवाळ्यात तर खात्रीच पटली,
'घाबरू नकोस' म्हणतेय.
लुकियानला विचारता आलं असतं,
पण मग डबा दाखवावा लागला असता.
गेल्या शरदात तोही गेला.

बस चेरेमोशच्या काठाने चढली.
उजवीकडे होती लाकडाची गिरणी,
आणि केवढी तिची घरघर!
हे गाव इतकं बोलतं, कुणी सांगितलंच नव्हतं मला.
बसथांब्यावर काळ्या फितीतले तीन फोटो,
मिसरूडही न फुटलेली पोरं,
त्याच्या कुठल्याच सिनेमात नसलेली.

त्याची धाकटी बहीण हाफिया, ऐंशीला टेकलेली.
तिने आधी मला खायला घातलं,
मक्याचा सांजा, वर मेंढीचं खारट चीज,
मग फिल्मची पट्टी खिडकीशी धरली,
चष्मा कपाळावर सारून.
बराच वेळ गप्प.
मग हसायला लागली, खोकला येईस्तोवर.
"फाटक लाव, म्हणतेय.
फाटक लाव मेल्या, वासरू जाईल बाहेर."
"कुणाला?"
"लुक्याला, आणखी कुणाला?
कधी म्हणून लावलं नाही त्याने."

पट्टी तिच्याकडेच ठेवून निघाले.
फाटकाला बिजागरी नव्हती, नुसती तार.
गोठा तर कधीचा रिकामा.
तरी दोन वेढे दिले तारेला,
मग अजून एक.