एका महिला कारागिराने सांगितले

पहिल्या वर्षाची फी : आईचे अकराशे जोड.
हुपरीत आम्ही असंच मोजतो.
पैंजणाचा एक जोड जुळवायचे बारा रुपये,
घुंगरू सुटं निघालं तर दोन कमी.
दुसऱ्या वर्षी फी वाढली,
मजुरी तेवढीच.
कॅमेरा भाड्याने, शाहूपुरीतून, दिवसाला सहाशे,
आणि शेवटची एसटी पावणेसातला,
म्हणून रंकाळ्यावर सगळ्यांचे सूर्यास्त
आणि माझी नुसतीच दुपार.

पावतीवर न आलेला एक खर्च होता.
मी म्हणायचो ‘आलो’, ‘जेवलो’, ‘बसतो जरा’.
आमच्याकडच्या बायका असंच बोलतात.
निवेदनाच्या तासाला मॅडमनी हेडफोन काढला,
‘मुलगी आहेस ना? मग आले म्हण.’
मी म्हणाले.
तेव्हापासून म्हणतेच आहे.

आमच्या बॅचला एकवीस जण.
समाधान चौगुले लग्नांवर ड्रोन उडवतो,
स्लॅबचं घर त्याचंच झालं.
निलोफर मुल्लाणी पुण्यात
एका साबण कंपनीच्या वतीने माफ्या लिहिते.
दोघं तलाठी भरतीच्या नादात.
धैर्यशील वाढदिवसाचे फ्लेक्स करतो;
एका बोर्डावर चौसष्ट शुभेच्छुक कसे बसवायचे
हे सिलॅबसमध्ये नव्हतं.
बाकीच्यांचं लग्न झालं, एवढंच कळलं.
मी एका दैनिकात. महिना साडेअकरा.
निधनवार्ता माझ्याकडे.
फोनवर माणसं रडत रडत विचारतात
फोटोचे वेगळे पडतील का.

परवा माझी बातमी लागली. पान चार, तळाला.
पॉलिशच्या ॲसिडची, त्याच्या धुराची.
नऊशे शब्दांचे दीडशे राहिले,
वर अर्धं पान सराफाची जाहिरात.
आईने चष्मा लावला, बोट ठेवत वाचत गेली.
‘एका महिला कारागिराने सांगितले की
रात्री खोकल्यामुळे झोप लागत नाही.’
बोट तिथंच थांबलं.
‘ही कोण गं?’

तूच की.
नाव छापलं तर मालक काम देईल का तुला?
सूत्रांचं संरक्षण म्हणतात त्याला,
तिसरं सत्र, पेपर दुसरा,
मला एकोणऐंशी होते.

तिने डाग द्यायची नळी उचलली,
फुंकर घातली, खोकली,
परत फुंकर घातली.
एक जोड पुरा झाला तेव्हा म्हणाली,
‘अकराशे भरलं की गं मी.
त्यात एक नाव बसलं नसतं व्हय?’

माझी ड्युटी दुपारची होती.
डबा घेतला, चप्पल घातली,
आणि उंबऱ्यातनं तोंडातून गेलं, ‘जातो.’

तिने मान वर केली नाही.
‘येतो म्हणावं,’ म्हणाली.