सतरावं पान

मोरकमच्या वाचनालयात, खिडकीखालच्या मांडणीवर
इन्स्पेक्टर मॉड थ्वेट राहते.
बारा पुस्तकं, बारा खून. खरं तर एकोणीस,
मधल्या काही पुस्तकांत लेखिकेचा हात सैल सुटलाय.
तेरावं येतंय म्हणतात.

मी औषधांच्या दुकानात असते.
दिवसभर गोळ्या मोजायच्या,
आणि रात्री वाचायचं, कुणी कुणाच्या दुधात काय मिसळलं.
तिसऱ्या पुस्तकात डोस साफ चुकलाय,
तेवढ्याने मांजरही मेलं नसतं.
पण गप्प बसले. गोष्ट पुढे सरकायला हवी ना.

प्रत्येक पुस्तकात, सतराव्या पानाच्या कोपऱ्यात
पेन्सिलीचा बारीक डब्ल्यू,
शेवटची रेघ वळवून खाली आणलेली,
कपाला कान असावा तशी.
ग्रंथपाल मिसेस हेस्केथ म्हणाल्या,
म्हातारी माणसं करतात तसं.
खून कुणाचा झाला ते विसरतात,
खूण दिसली की पुस्तक परत मांडणीवर.
माझ्या भाषेत या दोन्हींत एका अक्षराचं अंतर आहे,
हे त्यांना कसं सांगणार.

शेवटाच्या अलीकडे समासात अंदाजही असायचा:
भाऊ? माळी. एकदा नुसतंच, छे!
आठही चुकलेले.
मी मनात तिला बाई ठरवून टाकलं होतं.
एकटी, जिभेला धार,
पाच वाजताच पडदे ओढून घेणारी.
तिच्या मागोमाग वाचत गेले,
इथल्या खाडीत पुढच्याच्या पावलावर पाऊल ठेवून
चालावं लागतं तशी. वाळू गिळते.

मग नववं मिळेना.
कुणी नेलेलं, तारीख उलटून तीन महिने.
दहावं समोर होतं. पण आठव्याच्या शेवटी
थ्वेटचा नवरा दार उघडं टाकून निघून गेला होता;
अशा घरात एकदम दोन वर्षांनी कसं शिरायचं?

मार्चमध्ये एक भाचा आला. ओला कोट, फुगलेली पिशवी.
गेलेल्या माणसांची औषधं आम्ही परत घेतो.
"मामाची," म्हणाला,
आणि पार्किंगची वेळ संपतेय म्हणून पळाला.
हृदयाच्या, लघवीच्या, झोपेच्या.
मोजायची गरज नव्हती. मोजल्या.
तळाशी नववं पुस्तक.
लेबलावर नाव: मिस्टर विल्फ्रेड ऑर्मरॉड.
त्याखाली आद्याक्षरं माझी.

सहा वर्षं मी या माणसाच्या हातात पुड्या दिल्या
आणि दर वेळी विचारलं, "पत्ता सांगता का?"
बाई कसली!

दोनशे बाराव्या पानात आमच्याच दुकानाची चिठ्ठी, घडी घालून.
समासात, थरथरत्या रेघेत: वकील.
सतराव्यावर काही नाही.
संपल्यावरच खूण करत असणार.

त्या रात्री तिथून पुढे वाचलं.
पुढे पावलं नव्हती.
भरती चढत होती, खिडकीची काच मधूनच वाजायची.
दोनशे अठ्ठ्याऐंशीवर कळलं.
वकील नव्हता हो, मिस्टर ऑर्मरॉड.
डॉक्टरीणबाईंची बहीण.
पहिल्या प्रकरणात छत्री परत द्यायला आली होती, आठवतं?
आपण दोघांनीही तिला बस म्हटलं नाही.

पेन्सिल उचलली, सतरावं पान काढलं,
बराच वेळ तशीच धरून बसले.
नाही केली खूण.
त्यांचं वाचून झालं नव्हतं,
खोटी साक्ष कशाला द्या.

मिसेस हेस्केथनी दंड घेतला नाही.
शनिवारी दहावं आणलं.
सोळा. सतरा, कोपरा कोरा.
अठराव्यावर, ओहोटीच्या कडेला,
कुत्रा फिरवायला निघालेल्या माणसाला
काहीतरी दिसलं.