कुणाच्या हातून

सोहारला ऑगस्टात काचांना बाहेरून घाम फुटतो.
आत चोवीस अंश, आणि चौदा पेट्या.
प्रत्येकीत ओंजळीत मावेल असं कुणीतरी.
नावं अजून नाहीत. कार्डावर नुसतं
शम्साचं बाळ, शम्साचं दुसरं बाळ,
झुवैनाचं बाळ.

तीन नंबरला दूध पचेना. आम्ही म्हटलं, होतं असं.
मग चारचं पोट फुगलं.
मग एकदम सात.
मधले पाच आणि सहा मजेत, मुठी चोखत.

जंतूला पाय नसतात.
पाच आणि सहा ओलांडून त्याला सातपर्यंत
कुणीतरी नेऊन सोडलं होतं.

लॅबमधून हैथमचा फोन आला:
तिन्ही एकच, सख्खे भाऊ.

तेव्हापासून आम्ही हात धुवून त्याच्या मागे लागलो.
हा वाक्प्रचार मी आता वापरत नाही.
कापसाच्या काड्या फिरवल्या
वजनकाट्यावर, पेट्यांच्या खिडक्यांच्या कडांवर,
मॉनिटरच्या बटणांवर, लिसम्माच्या ओळखपत्राच्या दोरीवर,
डॉक्टरांच्या मोबाइलवर (तो द्यायला त्यांनी जरा वेळच लावला),
माझ्या पेनवर.
मोफज्जलच्या बादलीवर तीनदा.
तिसऱ्या वेळी त्यानं का म्हणून विचारलं नाही,
बादली पुढे सरकवली
आणि भिंतीकडे बघत उभा राहिला.
बादली स्वच्छ निघाली.
त्याला कुणी सांगितलं नाही.
मी सांगायला हवं होतं.

आमच्याकडे सहाव्या रात्री सटवाई येते
कपाळावर लिहायला.
बार्शीला माझ्यासाठी आईनं पाटावर
कोरा कागद आणि बोरू ठेवला होता म्हणे.
इथं आली असती तर तिलाही मी दारातच अडवलं असतं,
बाई, बांगड्या काढा, बाह्या कोपराच्या वर,
बोटांच्या बेचक्यासुद्धा, घाई नको.
आणि इतकं करून ती सातपाशी पोचली असती
तर कपाळावर सलाइनची सुई,
सुईवर चिकटपट्टी.
लिहायला जागाच नव्हती.

सात गेला
पहाटेच्या अजानच्या जरा आधी.

अकराव्या दिवशी सापडला.
बेसिनमध्ये. ज्यात हात धुतो, त्याच.
जाळीच्या खाली, गुलाबी, बुळबुळीत,
घरच्यासारखा बसलेला.
नळाची धार नेमकी जाळीवर पडायची, थेंब उडायचे,
आणि हातभर अंतरावरच्या ओट्यावर
आम्ही दूध भरायचो सिरिंजमध्ये,
एक मिली, दोन मिली.
ज्या आठवड्यात सगळ्यांत जास्त हात धुतले
त्याच आठवड्यात...
हैथमनं आलेख दाखवला. मी पाहिला.

बेसिन उखडलं. पाइप कापला.
भिंतीला गिलावा झाला, रंग झाला, एक कॅलेंडर लागलं.
अहवालात लिहिलं: उगम, बेसिन क्रमांक दोन.
शम्सा दोघांना घेऊन घरी गेली,
जाताना सगळ्या वॉर्डाला खजूर वाटून गेली.
मोफज्जलला दोन दिले, तो चार मागत होता.

बेसिनलाही पाय नसतात.
त्या मंगळवारी सातला दूध दिलं तिघींनी.
वहीत सह्या आहेत:
लिसम्मा, जोसेलिन, मी.

झुवैना आली चाळिसाव्यानंतर, कसल्याशा कागदासाठी.
बोटांवरची मेंदी नखांपुरती उरलेली.
काउंटरवरून तिनं माझा हात हातात घेतला.
इथं आभार मानताना म्हणतात,
तुझे हात सुखरूप राहोत.
तेच म्हणाली.

माझा हात गार होता,
नुकताच धुतलेला.