दोन वाजताची नोंद

दर दोन तासांनी वरून आवाज येतो.
वर म्हणजे उरपायकोचा,
आंडीजच्या हनुवटीखाली कसंबसं थोपलेलं पाणी;
आणि आवाज ऑक्ताव्हियो तारासोनाचा,
महिन्यातले वीस दिवस पत्र्याच्या खोपटात एकटा राहणाऱ्याचा.
"पातळी तेवढीच. वारा नाही.
मघाशी बर्फाचा तुकडा पडला, लहानसा, गाईएवढा."
मी लिहिते: गाईएवढा.
शेवटच्या रकान्यात: विशेष काही नाही.

अकरा वर्षं हेच लिहितेय.
काहीही न घडल्याचा पगार
नगरपालिका मला देते,
तोही उशिरा.

टेबलावर पेन्सिली ठेवायला एक डबा आहे, मासळीचा.
त्यावरची अक्षरं रुमिपातात कुणालाच लागली नाहीत.
आई सहा वर्षांची असताना तळं फुटलं.
सकाळी बाजार भरला होता,
साडेनऊला बाजाराच्या जागी चिखल होता, आणि त्यात चर्चचं टोक.
मदत नवव्या दिवशी आली. मनापासून आली,
हे आई कधी नाकारत नाही.
तंबू, पीठ, घोंगड्या,
आणि एका खोक्यात नुसते उंच टाचांचे पांढरे बूट,
सगळे डाव्या पायाचे.
आजीने त्यातल्या एकात कांद्याची रोपं लावली.
डबा आईने दगडाने फोडला,
बहिणींसाठी चार वाटण्या केल्या,
मग आठवलं.

परवा रात्री दोनला वरून आवाज आला नाही.

दोन वाजून चार मिनिटं. बटण दाबून त्याचं नाव घेतलं.
खरखर.
दोन वाजून सात. पुन्हा.
नियम असा की दोनदा हाक, मग भोंगा.
नियम मीच मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला डकवलेला,
तेव्हा दिवस होता, हातात गरम चहा होता.
तळं फुटलं असेल, की नुसता झोपला असेल तो?

वाजवला भोंगा.

आधी नदीकाठचे दिवे लागले, मग वरच्या आळीचे,
मग सगळे एकाच दिशेने हलू लागले, दफनभूमीच्या टेकडीकडे.
गावातली सगळ्यात सुरक्षित जागा
आम्ही मेलेल्यांना देऊन बसलोय.
फोर्तुनाताबाई गिनीपिगांची टोपली डोक्यावर घेऊन गेली.
बेकरीवाल्याच्या पोराने आजोबांना पाठुंगळीला मारलं,
आणि आजोबा त्याला वाट चुकतोस म्हणून झापत होते.
मी जायचं नसतं. मी खुर्चीतच.

चार वाजून वीसला खरखर फुटली.
"कोल्ह्याने वायर कुरतडली," ऑक्ताव्हियो म्हणाला,
"बोटं गारठलीत, जोडता जोडता दोन तास गेले. खाली ठीक ना?"
"पातळी सांग."
"तेवढीच."

सकाळी चौकात मला उभं केलं.
लांडगा आला रे आला, असं म्हणाले.
मी दुरुस्त केलं: कोल्हा.
भट्टीतले पाव जळाले होते,
लॉजवरचे दोन पाहुणे बिल न भरता पसार झाले होते,
आणि हे सगळं माझ्या नावावर.
मग अब्दियास मास्तर पुढे आले. रात्री ते
दफनभूमीच्या फाटकात घड्याळ धरून उभे होते, पायजम्यात.
शेवटचा माणूस चौदाव्या मिनिटाला आत आला.
मागच्या सरावाला बावीस लागली होती.
पाण्याला इथवर यायला किती लागतील
यावर इंजिनियरांचं एकमत नाही.
आईचं मत पक्कं आहे: बटाटे उकडेपर्यंत.
तिने बोटांवर काही मोजलं आणि म्हणाली,
"चौदाला अजून कच्चे असतात."
कुणी हसलं नाही.

सिप्रियानो मात्र आलाच नव्हता.
त्याला ऐकू येत नाही. रात्रभर शांत झोपला,
आणि चौदा मिनिटांत कुणालाही
त्याचं दार आठवलं नाही. मलाही नाही.

आता शेजारणीच्या खिडकीतून
त्याच्या उशाशी एक दोरी गेली आहे, कपडे वाळत घालायची, निळी.
झोपताना तो ती मनगटाला बांधणार.
संध्याकाळी तिने ओढून पाहिली.
तो अनवाणी दारात आला, हातांनीच विचारलं, काय झालं?
काही नाही, तिने हातांनीच सांगितलं.
तो आत गेला,
आणि थोड्या वेळाने तिकडून
दोरीला एक हिसका आला.