दात यायचेत अजून

कौतिकाक्काचे खालचे सगळे दात
डॉक्टर झांबऱ्यांनी दोन बुधवारांत काढले.
कवळी यायला महिना.
तोवर मऊ खा, म्हणाले, आणि तिखट बंद.

तिखट बंद. भुसावळात. मार्गशीर्षात.
गल्लीत पऱ्हाटीवर वांगी भाजली जातायत,
बडगीत मिरच्या ठेचल्याचा दणका
भिंतीपलीकडून येतो, आणि माझी नणंद
उशीला टेकून, तोंडाचं बोचकं करून
वासावर जेवते.

वरणभात चार दिवस चालला.
पाचव्या दिवशी ताट सरकवलं:
"मले काय बाळंतीन समजली का वं?"

मग हितूला विचारलं. बहिणीचा मुलगा,
जिनोआच्या बंदरात क्रेनची वायरिंग बघतो,
एकटा राहतो, एकट्याचं शिजवतो.
फोनमध्ये त्याचा आवाज, मागे कुठेतरी भोंगा:
मावशी, पांढरा राजमा रात्री भिजव.
कुकर नको. मंद गॅस आणि धीर.
शेवटी ऑलिव्हचं तेल, कच्चं, वरून.
रोझमेरी नसेल तर नसेल.

राजमा वाण्याकडे मिळाला.
तेल मात्र मेडिकलात, छोट्या डबीत,
ग्राइपवॉटरच्या शेजारी.
काउंटरवरच्या पोराने विचारलं, किती महिन्यांचं बाळ?
म्हटलं, एकाहत्तर वर्षांचं.
दात यायचेत अजून.

तो हसला. मीही.
रस्ताभर पिशवीत ती डबी किल्ल्यांवर वाजत राहिली.
आमच्या घरात अशी डबी
कधीच, कुणासाठीच आणली नव्हती.

सकाळी दाणे दुप्पट. साली सुरकुतलेल्या,
फार वेळ पाण्यात खेळलेल्या पोरीच्या बोटांसारख्या.
कांदा, गाजर, लसूण तेवढी आपली.
सेलरीच्या नावाने कोथिंबिरीचे देठ.
रोझमेरीच्या जागी कुंडीतल्या ओव्याची दोन पानं
(हितूला सांगू नका).

शिट्टीशिवाय शिजवणं मला माहीत नव्हतं.
चाळीस वर्षं घर शिट्ट्यांवरच चाललं,
बाहेर इंजिनांच्या, आत कुकरच्या.
आज दीड तास पातेलं नुसतं पुटपुटलं.
"काय करू राह्यली वं? वास ना गीस,"
आक्का आतून म्हणाली, मग स्वतःच आली,
पाट ओढून बसली.
दोघी एका पातेल्याकडे बघत.
भांडायला विषय नव्हता. मिरचीच नव्हती.

अर्धे दाणे रवीने घोटले, अर्धे तसेच.
तळाशी कळण्याची शिळी भाकर कुस्करून.
तिकडे शिळा पाव घालतात म्हणे;
शिळ्याची लाज तिकडेही नाही, बरं वाटलं.
वरून बाळाचं तेल.

"पांढरं फटक. मीठ तं हाये का?"
पहिला घास तोंडात फिरवत राहिली,
दात शोधत असल्यासारखी.
दुसरा गिळला.
तिसऱ्याला डोळे मिटले, मी बघितलं नाही असं दाखवलं.
"आजाऱ्याचं जेवन," म्हणाली
आणि वाटी पुढे केली.

मग वाटीच्या कडेवरून बोट फिरवत सांगितलं,
लहानपणी यावलला आई वालाचं घट्ट पाणी
असंच द्यायची, बिनतिखटाचं,
घरातलं तिखट संपलं की.
तिखट संपायचं?
"संपायचं."
एवढंच.

चाळीस वर्षांत हे मला ठाऊक नव्हतं.
आणि माझ्या शेवभाजीला तर्री कमी म्हणून
किती वेळा ही भरल्या ताटावरून उठली होती.

रात्री मी राजमा निवडायला घेतला.
खडे नव्हतेच, चकाचक माल; तरी निवडला.
"मूठभर जास्त घे," अंधारातून आवाज.
कोण येणार आहे?
"कोनी नाही. जास्त घे."
मालगाडी गेली. फडताळातल्या बरण्या वाजल्या
आणि ताटातले दाणे
थोडे सरकले.